गॅरेजमध्ये गेल्यावर न दिसणारा इंजिनाचा दोष कसा शोधावा

गाडी घाटात किंवा भर रहदारीत बंद पडते आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत सुरळीत चालू लागते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, इंजिन रेस करून पाहतो, स्कॅनर लावतो आणि शेवटी म्हणतो, ‘प्लग बदलून बघू.’ पुढच्या आठवड्यात कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) बदलून बघायची वेळ येते, त्यानंतर फ्युएल पंपाची. दोन-तीन गॅरेजे पालथी घातल्यावर गाडीत नवे भाग भरपूर झालेले असतात आणि दोष होता तिथेच असतो. दर वेळी यात मेकॅनिकचे कौशल्य कमी पडलेले असते असे नाही. जो दोष डोळ्यांसमोर घडत नाही तो मोजता येत नाही, आणि तो केव्हा घडतो हे ज्याला ठाऊक असते तो गाडीचा मालक ‘मध्येच बंद पडते’ एवढेच सांगून चावी ठेवून निघून जातो. पुढील क्रम त्या मालकासाठी आहे. तो प्रामुख्याने फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना लागू पडतो. डिझेलचे जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीपूर्वीची तयारी

एक छोटी वही आणि पेन गाडीतच ठेवावे. साधा डिजिटल मल्टीमीटर, मोबाईलला ब्लूटूथने जोडला जाणारा, गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर, टॉर्च, झाडांवर पाणी मारण्याचा हातफवारा आणि झाकणाची एक स्वच्छ काचेची बाटली एवढे साहित्य पुरते. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत तो असतोच.

गेल्या वर्षभरातील सगळी बिले शोधून तारखेप्रमाणे लावावीत. दोष सुरू होण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत गाडीवर जे काम झाले असेल, मग ते म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म बसवण्याचे का असेना, त्याला लाल रेघ मारावी. नव्या दोषाचे मूळ जुन्या दुरुस्तीत सापडण्याचे प्रसंग मालकांना वाटते त्याहून पुष्कळ अधिक असतात.

तयारीचा शेवटचा भाग म्हणजे काही गोष्टी थांबवणे. टाकीत ओतायची औषधे, कोणी सुचवले म्हणून केलेला प्रेशरचा इंजिन-वॉश आणि ‘बॅटरीची तार काढून दहा मिनिटे ठेवू’ हा उपाय, हे तिन्ही निदान होईपर्यंत बंद ठेवावेत.

*सावधान:* चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच शिल्लक असते आणि पॉवर स्टेअरिंग जड होते. ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी कडेला घ्यावी. दोष असा अचानक येत असेल तर शोध पूर्ण होईपर्यंत ती गाडी राष्ट्रीय महामार्गावर किंवा गोव्यातील झुआरीसारख्या लांब पुलावर नेऊ नये.

टप्पा १: दोषाचे नाव नेमके ठरवणे

‘गाडी बंद पडते’ या एका वाक्यात किमान चार वेगळे दोष दडलेले असतात, आणि ते वेगळे केल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न, इंजिन कसे बंद पडते? दिव्याचे बटण दाबावे तसे एका क्षणात बंद पडत असेल, आधी झटका नाही की कुरकुर नाही, तर संशय विजेच्या बाजूला जातो: क्रँक सेन्सर (इंजिन फिरत असल्याचा संकेत संगणकाला देणारा), मुख्य रिले (विजेचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच), इग्निशन स्विच, सैल अर्थिंग (इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जोडणारी पट्टी). इंजिन आधी गुदमरत असेल, पिकअप जात असेल, झटके देत हळूहळू बंद होत असेल, तर इंधन किंवा हवेची बाजू आधी पाहावी.

दुसरा प्रश्न, पुन्हा चालू करताना काय होते? सेल्फ मारल्यावर स्टार्टर फिरतच नाही आणि नुसते ‘टक’ ऐकू येते, ही एक गोष्ट. स्टार्टर जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, ही अगदी दुसरी. पहिलीत बॅटरी, तिच्या तारा आणि स्टार्टर येतात. दुसरीत स्पार्क, पेट्रोल किंवा सेन्सरचा संकेत यांपैकी काहीतरी पोहोचत नसते. मेकॅनिकला फोनवर ‘स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगितले तर तो नवी बॅटरी घेऊन येतो, आणि त्याचा त्यात दोष नाही.

तिसरा प्रश्न, चेक इंजिनचा दिवा लागतो का, आणि लागला तर स्थिर असतो की लुकलुकतो? लुकलुकणारा दिवा बहुधा असे सांगतो की एखादा सिलिंडर इतका मिस होत आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापवत आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून शक्य तितक्या लवकर थांबावे. शंभर-दोनशेच्या प्लगचा दोष हजारोंच्या कन्व्हर्टरपर्यंत नेऊ नये.

*तपासा:* आपला दोष एका वाक्यात, बंद पडण्याची रीत आणि पुन्हा चालू होण्याची रीत या दोन्हींसह लिहिता येतो का? नसेल तर पुढचा टप्पा दोष आणखी एकदा घडेपर्यंत थांबवावा.

टप्पा २: नोंदवही

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो गाळला जातो. माझ्या अनुभवात अर्धे निदान इथेच होते. प्रत्येक प्रसंगानंतर, गाडी कडेला लावल्या लावल्या, पुढील गोष्टी लिहाव्यात: तारीख आणि वेळ, गाडी चालू करून किती मिनिटे झाली होती, तापमानाचा काटा कुठे होता, टाकीत किती पेट्रोल होते आणि ते शेवटचे कुठे व केव्हा भरले, एसी चालू होता की बंद, पाऊस होता का, चढ होता की उतार, कोणता गिअर आणि किती वेग, आणि बंद पडल्यापासून किती मिनिटांनी गाडी पुन्हा चालू झाली. रात्री घरी जाऊन आठवणीने लिहिलेली नोंद फारशी कामाची नसते, कारण तोवर आपल्या मनाने एक सिद्धान्त बनवलेला असतो आणि आठवण त्याला साजेशी होते.

चार-पाच नोंदी झाल्या की त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. काही जोड्या इतक्या बोलक्या असतात की त्या जशाच्या तशा सांगतो.

दोष केवळ पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या सेल्फला येत असेल, म्हणजे म्हापशाच्या पंपावर टाकी भरली आणि गाडी बराच वेळ कुरकुरून मग पेटली, तर टाकीतील वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी असते. हा भाग स्वस्त आहे आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

दोष टाकी पाव भागाच्या खाली असतानाच आणि केरीहून चोर्ल्याकडे चढताना येत असेल, तर पंपाचे शोषण, टाकीतील गाळ किंवा पंपाची जाळी पाहावी. भरल्या टाकीने तोच चढ निर्धोक पार होत असेल तर संशय पक्का होतो.

दोष पावसात किंवा दमट पहाटे येत असेल आणि ऊन पडताच जात असेल, तर कॉईल, प्लगवरील रबरी टोप्या आणि कपलर (तारांचे प्लास्टिकचे जोड) यांत ओल शिरत असते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हे दोष गॅरेजमध्ये रांग लावतात, आणि चवथीच्या तोंडावर, जेव्हा मेकॅनिकला श्वास घ्यायलाही सवड नसते, तेव्हा त्यांचा कळस होतो.

दोष गरम इंजिन थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा चालू करताना येत असेल, तर क्रँक किंवा कॅम सेन्सर, रिले आणि थकलेला फ्युएल पंप हे तिघे आधी पाहावेत. सेन्सरच्या आतली बारीक तार तापल्यावर सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते. त्यामुळे टोइंगने गॅरेजमध्ये पोहोचलेली गाडी तिथे निर्दोष ठरते.

सिग्नलवर एसी चालू असताना आरपीएम पडत असतील तर थ्रॉटल बॉडीतील (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतील) काजळी, आणि केवळ सकाळच्या पहिल्या सेल्फला त्रास होत असेल तर थकलेली बॅटरी, कूलंट तापमानाचा सेन्सर किंवा रात्रभरात उतरणारा इंधनाचा दाब.

*सावधान:* दोन नोंदींवरून निष्कर्ष काढू नये. तीन वेळा पावसात बंद पडलेली गाडी चौथ्यांदा कडक उन्हात बंद पडली, तर ती चौथी नोंदच सर्वांत मोलाची असते. ती ‘अपवाद’ म्हणून खोडू नये.

टप्पा ३: कोड मिटवण्याआधी वाचणे

सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लागतो, कोड दिसतो, तो मिटवला जातो, दिवा विझतो आणि गाडी परत मिळते. कोडबरोबर गाडीच्या संगणकाने जपून ठेवलेला फ्रीझ फ्रेमही पुसला जातो. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम, कूलंटचे तापमान, वेग आणि इंजिनावरील भार किती होता याची ती नोंद असते. बॅटरीची तार काढल्यानेही बहुतेक गाड्यांत तेच घडते, शिवाय संगणकाने शिकून घेतलेले आयडलिंगचे (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचे) आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे आकडेही जातात. मग गाडी दोन दिवस वेगळीच वागते आणि सगळ्यांची दिशाभूल होते.

म्हणून क्रम असा असावा. आधी पक्के कोड, मग प्रलंबित कोड (दोष दिसला पण अजून पक्का न झालेले), मग फ्रीझ फ्रेम. प्रत्येक पडद्याचे छायाचित्र घ्यावे. आणि त्यानंतरच मिटवण्याचा विचार करावा. गॅरेजमध्ये चावी देतानाच ‘मला विचारल्याशिवाय कोड मिटवू नका’ असे जॉब कार्डावर लिहून घ्यावे.

कोड वाचताना एक पथ्य पाळावे. कोड भागाचे नाव सांगत नाही. कोणत्या सर्किटमध्ये किंवा कोणत्या मोजमापात गडबड आढळली एवढेच तो सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही नेहमीची चूक आहे, कारण बहुतेक वेळा सेन्सर खरे बोलत असतो आणि कुठेतरी हवा गळत असते किंवा पेट्रोल कमी येत असते. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरवर स्थिर नाही, तर पी०३०१ ते पी०३०४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवतात. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे, आणि त्या सर्किटात सेन्सरबरोबर त्याची तार आणि कपलरही येतात.

एकही कोड नसणे ही देखील माहितीच आहे. सेन्सरचा संकेत क्षणभरच जाऊन परत आला, किंवा मुख्य रिलेने सगळ्या संगणकाचाच पुरवठा तोडला, तर कोड नोंदला न जाण्याची शक्यता असते. ‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ हे म्हणणे मान्य करू नये.

टप्पा ४: बॅटरी, तारा आणि अर्थिंग

कोणताही सेन्सर विकत घेण्यापूर्वी हा टप्पा संपवावा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलाव्यात तांब्याच्या तारेला हिरवा आणि ॲल्युमिनियमला पांढरा थर चढतो. कळंगुट, मिरामार किंवा कोलव्याला रात्रंदिवस उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत आधी अर्थिंगवर संशय घ्यावा असे माझे मत आहे, मग कोड काहीही सांगो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या टोकांवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसावेत. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो सामान्यतः १३.५ ते १४.७ असतो, नव्या गाड्यांतील संगणकनियंत्रित अल्टरनेटर मात्र तो गरजेप्रमाणे खालीवर करतात, म्हणून एकाच वाचनावर अल्टरनेटर बाद करू नये.

त्यानंतर अर्थिंगची परीक्षा. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर टेकवावी, आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेला तर पट्टी, तिचा बोल्ट किंवा बोल्टाखालची बैठक गंजलेली आहे. हीच परीक्षा बॅटरी आणि गाडीच्या बॉडीदरम्यान, हेडलाईट, एसी आणि पंखा चालू ठेवून करावी. पट्टी वरून चकचकीत दिसते आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली तिची पूड झालेली असते, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये.

शेवटी, इंजिन आयडलिंगवर असताना वायरिंगचा एकेक जुडगा हाताने हलकेच हलवावा आणि आरपीएम डगमगतात का ते पाहावे. कपलर काढून आत हिरवट डाग किंवा वाकलेली पिन शोधावी. उंदरांनी कुरतडलेल्या तारा पावसाळ्यात जवळपास हमखास सापडतात; बॅटरीच्या खालची बाजू, एअर फिल्टरचा डबा आणि फायरवॉलजवळचा कोपरा टॉर्चने पाहावा. नारळाच्या काथ्याचे तुकडे दिसले तर तार कुठे कापली आहे ते शोधेपर्यंत थांबू नये.

*सावधान:* इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये; ‘अल्टरनेटर तपासण्याची’ ही जुनी रीत आजच्या गाडीचा संगणक जाळू शकते. हायब्रिड गाडीतील नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावू नये. पंखा आणि पट्टा यांपासून बाही दूर ठेवावी.

टप्पा ५: दोष मुद्दाम घडवून आणणे

आता वहीचा उपयोग होतो. ज्या परिस्थितीत दोष येतो ती परिस्थिती जाणूनबुजून तयार करायची, आणि स्कॅनर नोंद करत असताना दोष घडू द्यायचा. मोबाईल शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या हातात असावा. चालकाने पडद्याकडे पाहू नये.

माझ्या स्वतःच्या गाडीचे उदाहरण देतो. ती महिनाभर अधूनमधून बंद पडत होती. पहिल्या गॅरेजने कोड मिटवला, दुसऱ्याने प्लग आणि कॉईल बदलल्या, तिसऱ्याने फ्युएल पंप सुचवला. वही वाचताना लक्षात आले की सहापैकी चार नोंदी रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या होत्या. इंजिन गरम, फेरीबोटीत बंद, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि पलीकडे उतरताना सेल्फ मारला की स्टार्टर नुसता फिरत राहायचा. गाडी ढकलून धक्क्यावर आणावी लागे, मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागत, आणि वीस मिनिटांनी ती काहीच न झाल्यासारखी चालू होई. मग स्कॅनर लावून मुद्दाम फेरी केली. सेल्फ मारताना स्टार्टर फिरत असूनही पडद्यावर आरपीएम शून्य होते. निरोगी गाडीत त्या क्षणी साधारण दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. म्हणजे इंजिन फिरत आहे हे संगणकाला कळतच नव्हते. क्रँक सेन्सर बदलला आणि दोष गेला. पंपाला हातही लावावा लागला नाही.

फेरीबोट नसेल तर हीच परीक्षा घराजवळ होते. गाडी अर्धा तास चालवावी, बॉनेट न उघडता दहा-पंधरा मिनिटे उन्हात उभी ठेवावी आणि मग सेल्फ मारावा. चढावरच्या दोषासाठी चोर्ला किंवा मोल्याहून अनमोडकडे जाणारा घाट आहे, पण तो सकाळी, कमी रहदारीत आणि दोघांनी मिळून करावा. ओलीच्या दोषासाठी संध्याकाळी अंधारात, इंजिन आयडलिंगवर ठेवून कॉईल आणि वायरिंगवर हातफवाऱ्याने अगदी हलका फवारा मारावा. इंजिन लगेच मिस होऊ लागले किंवा निळसर ठिणगी दिसली तर जागा सापडली. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि संगणकाच्या डब्यावर पाणी जाऊ देऊ नये, आणि फवारताना उघड्या कॉईलला किंवा तारेला स्पर्श करू नये.

गाडी चालत असताना चार आकडे नोंदवावेत: आरपीएम, कूलंटचे तापमान, बॅटरीचे व्होल्ट आणि अल्पकालीन व दीर्घकालीन फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे संगणकाला ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के अधिक किंवा उणे पेट्रोल द्यावे लागत आहे तो आकडा. दोन्हींची बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम फार वर असेल आणि २,५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा गळत आहे. उलट भार वाढेल तसा ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल पुरेसे येत नाही किंवा तो सेन्सरच मळला आहे. अनेक छोट्या गाड्यांत एमएएफ नसून केवळ इनटेकमधील हवेचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे हवेची गळती ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलिंगने ओळखू येते, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ निदाने चुकतात.

*तपासा:* दोष किमान दोनदा, एकाच परिस्थितीत, मुद्दाम घडवता आला का? आला असेल तर गॅरेजमध्ये जाण्याची वेळ झाली. आला नसेल तर टप्पा २ कडे परत जावे. त्यात कमीपणा नाही.

टप्पा ६: इंधन आणि हवा

पेट्रोलचा संशय असेल तर नमुना काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळा थर करते. बाटलीत दोन थरांमधली रेघ दिसली तर टाकी रिकामी करून धुण्याखेरीज उपाय नाही. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणारी, टाकी जेमतेम भरलेली गाडी या दोषाला विशेष बळी पडते. नमुना कसा काढायचा हे मेकॅनिकवर सोपवावे, कारण पेट्रोलच्या पाईपमध्ये दाब असतो.

इंधनाचा दाब मोजताना तो दोष घडत असताना मोजला गेला पाहिजे. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात मिळतो. थंड गाडीचा दाब बरोबर आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही.

हवेच्या बाजूला व्हॅक्यूमचे रबरी पाईप, क्रँककेसचा श्वसन-व्हॉल्व्ह आणि इनटेकचे गॅस्केट पाहावे. यासाठी धूर सोडून गळती शोधणारे यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे जाणे श्रेयस्कर. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर अनेक गाड्यांत स्कॅनरने आयडलिंग पुन्हा शिकवावे लागते. ते राहून गेल्यामुळे निर्माण झालेला दोष मूळ दोषातच मोजला जातो.

डिझेल गाडीत आधी फिल्टरमधील पाणी काढून पाहावे, मग शोषण पाईपमध्ये हवेचे बुडबुडे, मग ईजीआर व्हॉल्व्हची (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) काजळी. बीएस-६ डिझेल केवळ पणजी–पर्वरीसारख्या छोट्या फेऱ्या करत असेल तर डीपीएफची (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) स्वच्छता अर्धवट राहून गाडी ओढत नाही.

*सावधान:* कॉमन रेल डिझेलच्या पाईपमध्ये १,००० बारहून अधिक दाब असू शकतो. ‘हवा काढण्यासाठी’ चालू इंजिनाचा नट सैल करू देऊ नये. ती धार कातडीत शिरते.

टप्पा ७: अदलाबदल आधी, खरेदी नंतर

पी०३०२ येत असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोडचे छायाचित्र ठेवून तो मिटवावा आणि गाडी चालवावी. कोड पी०३०३ झाला तर कॉईल वाईट. तो पी०३०२ च राहिला तर प्लगची, मग शक्य असल्यास इंजेक्टरची अशीच अदलाबदल करावी. तिघेही निर्दोष ठरले तर कॉम्प्रेशन मोजावे. यासाठी एक रुपयाचाही नवा भाग लागत नाही. रिलेचेही तसेच: फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले मुख्य रिलेसारखाच, त्याच क्रमांकाचा असेल, तर दोन्ही बदलून पाहता येतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन बदलांमध्ये दोषाला यायला पुरेसा अवकाश द्यावा. आठवड्यातून एकदा येणारा दोष दोन दिवस आला नाही म्हणजे गेला असे होत नाही. स्वस्तातला बनावट सेन्सर बसवून ‘सेन्सर बदलूनही दोष राहिला’ असे म्हणणे ही आणखी एक वाट चुकण्याची जागा आहे.

टप्पा ८: मेकॅनिककडे जाणे

आपले निदान सांगू नये, नोंदी द्याव्यात. ‘पंप गेला आहे, बदला’ असे म्हटले तर पंप बदलला जाईल आणि जबाबदारी आपली राहील. त्याऐवजी एका पानावर दोषाचे वाक्य, परिस्थिती, कोडची छायाचित्रे आणि आजवर बदललेल्या भागांची यादी द्यावी. विजेचा संशय असेल तर इंजिनाच्या मेकॅनिकऐवजी ऑटो-इलेक्ट्रिशियन गाठावा. दोघांचे हात वेगळ्या कामाला बसलेले असतात. संगणकाच्या सॉफ्टवेअरची सुधारणा आली आहे का हे कंपनीच्या अधिकृत केंद्रात गाडीचा चासी क्रमांक देऊन विचारावे.

मेकॅनिकबरोबर स्वतः फेरी मारावी. दोष थंड इंजिनाचा असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवावी, गरम इंजिनाचा असेल तर गरम गाडीच घेऊन जावे. निदानाच्या वेळेचे पैसे वेगळे देण्याची तयारी दाखवावी. आपल्याकडे मेकॅनिकला भागाच्या विक्रीवर आणि मजुरीवर पैसे मिळतात, शोधण्यात घालवलेल्या तीन तासांचे मिळत नाहीत, आणि ‘बदलून बघू’ची सवय पुष्कळशी त्यातूनच आली आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागावा, तो निर्दोष ठरला तर पुन्हा बसवता येतो. बिलावर भागाचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. हमीवरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.

टप्पा ९: दोष गेल्याची खात्री

गॅरेजच्या फाटकाबाहेर दहा मिनिटे फिरून समाधान मानू नये. वहीतील ज्या परिस्थितीत दोष येत होता तीच पुन्हा तयार करून किमान तीनदा पाहावे: तोच चढ, तेवढीच टाकी, तेवढेच गरम इंजिन. स्कॅनरवर प्रलंबित कोड आणि रेडिनेस मॉनिटर (संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) पाहावेत. मॉनिटर अपूर्ण असतील तर बहुधा कोड नुकतेच मिटवले गेले आहेत किंवा बॅटरीची तार काढली गेली आहे, आणि दिवा विझलेला असणे यावरून काहीही सिद्ध होत नाही. फ्युएल ट्रिमचे आधीचे आणि आताचे आकडे शेजारी लिहावेत. दुरुस्ती खरी असेल तर ते हललेले दिसतात.

ओलीशी जोडलेला दोष फेब्रुवारीत दुरुस्त केला असेल तर त्याची परीक्षा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत पुढे ढकललेली आहे असे समजावे, आणि तोवर बिल, काढलेला भाग आणि वही डिकीतच राहू द्यावी.